जुन्या गाडीचा पिवळा दिवा: विझवायच्या आधी वाचून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एका डीलरकडून २०१७ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं आहे. साधारण तीनशे किलोमीटर झाल्यावर मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तो आता जात नाही. गाडी तशी ठीक चालते, फक्त सीएनजीवर चढाला अधूनमधून झटका देते. डीलर म्हणतो, ‘सेन्सरचा दिवा आहे, बिनधास्त चालवा.’ ओळखीच्या मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलाय. मेहुणे म्हणतात, बॅटरीची केबल रात्रभर काढून ठेवा, सकाळी दिवा गेलेला असेल. आणि गणपतीला कुटुंबासह चिपळूणला जायचंय.

मेहुण्यांचा सल्ला तेवढा आज पाळू नका. केबल काढली की दिवा बहुतेक जाईलच, पण दिव्यामागे गाडीच्या कंप्युटरने जे लिहून ठेवलंय तेही पुसलं जाईल. दोष कोणता, तो नोंदला गेला तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होतं, गाडीचा वेग किती होता, पाणी किती तापलेलं होतं, इंधनाचं प्रमाण कुठे चाललं होतं, हे सगळं त्यात असतं. स्कॅनरवर याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गाडी तुमच्याकडे येऊन थोडेच दिवस झालेत, तिच्या सवयी तुम्हाला माहीत नाहीत आणि आधीचा मालक सांगणार नाही. अशा वेळी ही नोंद फार मोलाची असते. मूळ दोष तसाच राहिला तर दिवा आठवड्याभरात परत येतो. तोवर डीलरला दाखवायला तुमच्या हातात काही उरलेलं नसतं.

त्याआधी दोन मिनिटांत एक खात्री करा. दिवा पिवळा आणि स्थिर आहे ना? लाल दिव्यांचा कायदा वेगळा. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही, बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. तो दिवा ऑइलच्या दाबाचा असतो, आणि दाब नसताना इंजिन फिरवलं तर बेअरिंगं जायला मिनिटं पुरतात. डिपस्टिकवर ऑइल बरोबर दिसलं तरी परत सेल्फ मारू नका, टोचन मागवा. तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद करा, हीटर आणि पंखा पूर्ण चालू करा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, थंड इंजिनला निळा आणि तापल्यावर लाल एवढंच. त्यामुळे लाल दिसेपर्यंत आधी काही इशारा मिळत नाही. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. बॅटरीवर गाडी थोडी चालेल, पण चार्जिंगचं यंत्र ज्या पट्ट्याने फिरतं, काही इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून बॉनेट उघडून पट्टा जागेवर आहे का ते आधी पाहावं.

पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तोही गंभीरच. याचा अर्थ इंजिन या क्षणी मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही, ते न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅट-कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतंय आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. पाय हलका करायचा, लुकलुक थांबते का पाहायचं, नाही थांबली तर गाडी बाजूला घ्यायची. ठिणगी देणाऱ्या प्लग आणि कॉइलचं काम काही हजारांत होतं, कॅट-कन्व्हर्टरचा आकडा ऐकून लोक खुर्चीत बसतात. चढाला झटका बसतो तेव्हा दिवा लुकलुकतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उद्या शेजारी कोणाला तरी बसवून ते बघायला सांगा. तुम्ही स्वतः चढावर मीटरकडे बघत बसू नका.

दिवा स्थिर असेल तर तुमच्याकडे वेळ आहे, आणि पहिलं काम वाचनाचं. भारतात एप्रिल २०१३पासूनच्या चारचाकींना ओबीडी-२ (गाडीने आपले दोष स्वतः टिपून ठेवायची पद्धत) लागू आहे, म्हणजे २०१७च्या तुमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट मिळेल. त्यात लावायचा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतो, मोबाइलवर फुकट ॲप चालतं. अगदी स्वस्तातले काही डोंगल गाडीशी बोलतच नाहीत, तेव्हा परत करता येईल असाच घ्या. डोंगल नको असेल तर कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर असतो. फक्त दारातच सांगायचं, ‘वाचा, पण पुसू नका.’ ही ताकीद द्यावीच लागते, कारण बऱ्याच मुलांचा हात सवयीने आधी ‘क्लिअर’वर जातो. डोंगल स्वतःचा असला तरी काम झालं की काढून ठेवा. सतत लावून ठेवला तर बॅटरी पितो.

स्कॅनरवर कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक, दिसला की लोक तिथेच थांबतात. त्याच्या आजूबाजूचं जास्त कामाचं असतं. पक्का कोड कोणता, पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड आहे का, फ्रीझ फ्रेममध्ये काय आहे, रेडिनेस मॉनिटरपैकी (कंप्युटर स्वतः करतो त्या तपासण्यांपैकी) किती पूर्ण झालेत, दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि कोड शेवटचे पुसल्यापासून किती चालली, या सगळ्याचे फोटो काढा. प्रत्येक फोटोच्या जोडीला मीटरच्या एकूण किलोमीटरचाही एक काढा.

त्यातला शेवटचा आकडा तुमच्या प्रकरणात सगळ्यात बोलका ठरू शकतो. समजा गाडी घेतल्यापासून तुम्ही ३४० किलोमीटर चालवलीत आणि स्कॅनर सांगतोय की कोड पुसल्याला ३५० किलोमीटर झाले. म्हणजे किल्ली तुमच्या हातात पडायच्या जेमतेम आधी कोणीतरी कोड उडवलेत. याने फसवणूक सिद्ध होते असं मात्र नाही. खरी दुरुस्ती केल्यावरही कोड पुसतातच आणि कित्येक गाड्यांत नुसती बॅटरी बदलली तरी हा आकडा शून्यावर जातो. पण त्यातून एक नेमका प्रश्न तयार होतो: विकण्याआधी या गाडीत काय काम केलं, आणि त्याचं बिल कुठे आहे? काम खरंच केलं असेल तर डीलर बिल दाखवेल. नसेल तर ‘सेन्सरचा दिवा’ हे उत्तर दुसऱ्यांदा येईल.

मग गाडी घेतल्या घेतल्या दिवा का लागला नाही? कारण बहुतेक दोषांच्या बाबतीत कंप्युटर एका चुकीवर दिवा लावत नाही. पहिल्यांदा दिसलं की पेंडिंग म्हणून टिपून ठेवतो, पुढे एकदोनदा गाडी चालवताना तेच परत दिसलं तरच दिवा. शिवाय काही तपासण्या ठरावीक परिस्थितीतच होतात. इंजिन पुरतं तापलेलं हवं, काही वेळ एकसारखा वेग हवा. डीलरच्या दारापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत आणि मग चार दिवस सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, एवढ्यात त्या पूर्ण होत नाहीत. म्हणूनच ट्रायलच्या वेळी मीटर स्वच्छ दिसतो. अजून गाडी न घेतलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: सौद्याच्या आधी डोंगल लावा आणि मॉनिटर पाहा. एकही कोड नाही पण निम्मे मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं तर टोकन देऊ नका. पन्नासेक किलोमीटर, थोडा हायवे धरून, चालवायला मागा आणि परत बघा.

आता ऑक्सिजन सेन्सर. तुमच्या मेकॅनिकने कोड वाचून सांगितलं की अंदाजाने, ते प्रश्नात नाही. पण चढाला झटका, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आणि ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ हे एकत्र आलं की माझ्या डोळ्यांपुढे पी०१७१ येतो. या कोडचा अर्थ एवढाच की मिश्रण पातळ चाललंय, हवा जास्त आणि इंधन कमी. हे कळलं कोणामुळे? ऑक्सिजन सेन्सरमुळे. म्हणजे तो बिचारा त्याचं काम नीट करतोय, आणि त्यालाच काढायला निघालेत. आमटी अळणी लागली म्हणून कोणी जीभ बदलत नाही. सेन्सर स्वतः बिघडतो तेव्हा बहुधा त्याच्या नावाचे वेगळे कोड येतात, त्याच्या हीटरचे किंवा सर्किटचे, पी०१३०च्या आसपासचे. कोड कुठे शोधायचं ते सांगतो. कुठला पार्ट विकत आणायचा ते सांगत नाही. आपल्याकडे पार्ट बदलत बदलत दोषापर्यंत पोहोचायची जी पद्धत पडलीय, तिचं बिल गिऱ्हाईकच भरतं.

पी०१७१ असेल तर तुमच्या गाडीत तपासणी सोपी आहे, कारण इंधनं दोन आहेत. ॲपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असे दोन आकडे दिसतात. कंप्युटरला मिश्रण बरोबर राखायला इंधन किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते त्यातून कळतं. शून्याच्या आसपास, उणे-अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. इंजिन चांगलं तापवा, बटण पेट्रोलवर ठेवा, वीसेक मिनिटं चालवा आणि आकडे लिहून घ्या. मग सीएनजीवर तेवढंच. पेट्रोलवर अधिक तीन-चार आणि सीएनजीवर अधिक वीस-बावीस असं निघालं तर इंजिन निर्दोष आहे, भानगड किटची आहे. गॅसचा फिल्टर तुंबलेला, गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर थकलेला, गॅसचे इंजेक्टर नीट उघडत नाहीत, किंवा किटचं ट्यूनिंगच कधी धड झालेलं नाही, यांपैकी काहीतरी. हे काम किटवाल्याचं, लॅपटॉप लावून मॅपिंग करणाऱ्याचं. नेहमीच्या मेकॅनिकला त्यात पाडू नका.

दोन्ही इंधनांवर आकडा वाढलेला असेल तर हवा चोरून आत येतेय किंवा हवा मोजणाराच चुकतोय. त्यातही एक भेद करता येतो. गाडी उभी, इंजिन आयडलवर असताना आकडा जास्त आणि अडीच हजार फेऱ्यांवर नेल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी व्हॅक्युम लीक आहे: एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा चिरलेला होज, निसटलेला बारीक पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट. किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून नळ्या बसवलेल्या असतात, त्यांची तोंडंही बघायची. उलट आयडलला ठीक आणि दाबल्यावर वाढत असेल, तेही फक्त पेट्रोलवर, तर पेट्रोलचा पंप आणि फिल्टर. यातलं निम्मं काम डोळ्यांनी आणि हाताने होतं, पैसा लागत नाही. एका गाडीवर दोन सेन्सर बदलून झाल्यावर ती माझ्याकडे आली होती. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप लागलेली नव्हती, बाकी काही नाही.

कोड पी०३००च्या घरातला असेल तर ती मिसिंग आहे. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०३ म्हणजे तिसरा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल आधी सीएनजीवर, त्यातही चढावर, उघडे पडतात. तुमच्या झटक्याला हे वर्णन चपखल बसतं. अशा वेळी चारही कॉइल नवे घ्यायची गरज नाही. ज्या सिलिंडरचा कोड आहे त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावायची आणि चालवून बघायचं. कोडही कॉइलबरोबर तिकडे सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्लग, वायरिंग, मग इंजेक्टर. ही अदलाबदल करायला दहा मिनिटं लागतात, न करणाऱ्या मेकॅनिकला घाई झालेली असते. (नोंदी वाचून, फोटो काढून झाल्यावर या तपासासाठी कोड पुसायला हरकत नाही.) सीएनजीच्या गाडीत प्लग लवकर बदलावे लागतात, आधीच्या मालकाने ते बदलले असतील यावर मी तरी विसंबणार नाही.

याच ठिकाणी जुन्या गाड्यांच्या बाजाराची एक खोड सांगून ठेवतो. विकायच्या आधी इंजिनवर जोराच्या पाण्याचा फवारा मारून, वर पॉलिश फिरवून ते चकचकीत करतात. गिऱ्हाईक बॉनेट उघडतं आणि खूश होतं. ते पाणी प्लगच्या खोबणीत आणि वायरिंगच्या कपलरमध्ये शिरतं, पिना हिरव्या पडायला लागतात आणि काही दिवसांनी मिसिंग किंवा कुठल्या तरी सेन्सरचा कोड येतो. आठ वर्षांच्या गाडीचं इंजिन शोरूमसारखं चमकत असेल तर मला संशय आधी येतो. मेकॅनिकला कॉइल उपसून खोबणीत पाणी किंवा गंज आहे का बघायला सांगा. कपलर उघडून क्लीनर मारून परत नीट बसवायचे. पावसाळ्यात आणखी एक गुन्हेगार असतो, उंदीर. गाडी डीलरच्या आवारात महिनाभर उभी असेल तर वायर कुरतडलेली निघू शकते. बॉनेटखाली लेंड्या, कापडाचे तुकडे, दाण्यांची टरफलं दिसतात का ते पाहा.

पी०४२० आला तर कॅट-कन्व्हर्टर कमी पडतोय असं कंप्युटर म्हणतोय. कोणी लगेच नवा घाला म्हणालं तर थांबा. सेन्सरच्या जवळ सायलेन्सरचा जॉइंट फुंकत असला तरी हाच कोड येऊ शकतो, आणि मिसिंग किंवा ऑइल जाळणं आधी बंद केल्याशिवाय नवा कॅट घातला तर तोही जाईल. मात्र एक शक्यता जुन्याच गाडीत असते: त्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, आणि ती जाळी काढून विकून रिकामा डबा परत वेल्ड केलेला असतो. डब्यावर ताजं वेल्डिंग, पोकळ आवाज, एक्झॉस्टला नाकात जाणारा वास, ही त्याची लक्षणं. असं निघालं तर डीलरशी बोलण्याचा सूर बदलायला हवा.

इंटरनेटवर या दिव्याचा पहिला उपाय म्हणून ‘टाकीचं झाकण घट्ट करा’ असं हमखास वाचाल. ते अमेरिकेतल्या गाड्यांपुरतं खरं आहे, तिथे टाकीतून वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते. आपले नियम युरोपच्या वळणावर गेले, त्यात ती तपासणी सक्तीची नव्हती, त्यामुळे तुमच्या पिढीच्या गाडीत झाकण पिळून दिवा जाण्याची आशा धरू नका. तसंच पीयूसी नुकतीच पास झालीय म्हणून समाधान मानू नका, ते मशीन गाडीच्या कंप्युटरला काही विचारत नाही.

तुमच्या बाबतीत दिवा लागला हे एका अर्थी बरंच झालं. काही गाड्यांत तो लागू शकणारच नाही अशी व्यवस्था केलेली असते. किल्ली इग्निशनला फिरवा, इंजिन सुरू करू नका. इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग, सगळे दिवे लागले पाहिजेत आणि मग आपापल्या वेळी गेले पाहिजेत. इंजिनचा दिवा गाडी सुरू होईपर्यंत राहतो. जो लागतच नाही त्याच्यामागे टेप किंवा काढलेला बल्ब असू शकतो. तो ऑइलच्या दिव्याला जोडून दिलेलाही मी पाहिलाय, म्हणजे सुरू करताना दोन्ही लागतात आणि दोन्ही विझतात, बघणाऱ्याला संशय येत नाही. एअरबॅगचा दिवा तर फुटलेल्या बॅगेच्या जागी रेझिस्टर बसवून शांत ठेवता येतो. तिथे स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग बाकी प्लॅस्टिकशी जुळतो का, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास काय म्हणतो, हे पाहावं. तुमच्या मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग मुळात नसेलही, चालकाची एअरबॅग जुलै २०१९मध्ये सक्तीची झाली. मग दिवा नसणं हा दोष नाही.

एकापेक्षा जास्त, आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड निघाले, म्हणजे एक इंजिनचा, एक एबीएसचा, एक स्टिअरिंगचा, तर दोन गोष्टी आधी बघा. एक बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट असायला हवेत. मरायला टेकलेली बॅटरी वाट्टेल ते कोड देते. दुसरं पुराचं पाणी. २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१मध्ये चिपळूण, अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-वाळवून बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघा, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का बघा, पुढच्या कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. पुराची गाडी निघाली तर दिव्यामागे पैसे घालत बसू नका, गाडी परत करण्याच्या मागे लागा.

डीलरशी फोनवर भांडू नका, लिहून कळवा. व्हॉट्सॲपवर फोटो, तारीख, किलोमीटर आणि तो एक प्रश्न, बस. विक्रीच्या वेळी वॉरंटीचा कागद दिला असेल तर नीट वाचा. ‘इंजिन आणि गिअरबॉक्स’ एवढंच लिहिलेलं असेल तर सेन्सर, वायरिंग, किट त्यात बहुधा धरत नाहीत. वॉरंटी लागू असेल तर त्याला कळवण्याआधी कुठलाही पार्ट उघडू नका. नुसतं स्कॅन करण्याने काही बिघडत नाही. तो धंदा म्हणून गाड्या विकतो, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तुमच्यासाठी आहे. हीच गाडी एखाद्या शेजाऱ्याकडून घेतली असती तर हा रस्ता इतका सरळ नसता, तिथे व्यवहाराच्या कागदावर काय लिहिलंय त्यावरच भिस्त.

कागदांचा विषय निघालाच आहे तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजी चढलंय का पाहा. नसेल तर किट बेकायदा आहे आणि अपघातानंतर विमा कंपनीला नाही म्हणायला तेवढं पुरतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीखही बघून घ्या. आणि विमा. तो अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत बदलीचा अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा असतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नावबदलाशिवाय अडतो. रस्त्यात मदत मिळण्याची सोय पॉलिसीत असली तरी घाटात फोन केल्यावर ‘पॉलिसी तुमच्या नावावर नाही’ हे ऐकायला लागू नये.

चिपळूणचं म्हणाल तर आजच्या माहितीवर ही गाडी नेऊ नका, पण आठवडा हातात असेल तर नेण्यासारखी होऊ शकते. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, गाडीत पाच माणसं, मागे सिलिंडर आणि सामान, वर पाऊस, आणि परतताना हाच घाट चढायचा. झटका देणाऱ्या गाडीची परीक्षा घ्यायची ही जागा नव्हे. ती परीक्षा पुण्यातच घ्या. दुरुस्तीनंतर डोंगल लावून एसी चालू ठेवून दिवे घाट चढा, एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर. झटका नाही, दिवा लुकलुकला नाही, पेंडिंगमध्ये काही आलं नाही, तर न्या. दोष फक्त किटचा निघाला आणि किटवाल्याची तारीख गणपतीनंतरची मिळाली, तर संपूर्ण प्रवास पेट्रोलवर करा. खर्च वाढेल, पण त्यात धोका नाही. टाकीत मात्र ताजं पेट्रोल भरा. वर्षानुवर्षं सीएनजीवरच चालवलेल्या गाड्यांत तळाला पेट्रोल शिळं होऊन पडलेलं असतं आणि पेट्रोलचे इंजेक्टर चिकटलेले असतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधीपासून पेट्रोलवर चालवून बघा.

तुमची गाडी पेट्रोलची आहे, पण डिझेलवाले हा प्रश्न वाचतील म्हणून दोन ओळी. बीएस-४ डिझेलमध्ये या दिव्यामागे काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) फार वेळा असतो, तो साफ करून भागतं, बंद करून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नये. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, वेगळा दिवा असतो. तो लागला की गॅरेज गाठायच्या आधी हायवेला वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगात, मध्ये बंद न करता चालवा, फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो. गाडीबरोबर आलेलं पुस्तक याबाबत काय सांगतं तेही बघा. त्यानंतरही दिवा राहिला किंवा डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर मात्र पुढे चालवू नका.

काम झाल्यावर मेकॅनिककडून काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि कोड त्याच्याकडूनच पुसून घ्या. ‘दिवा गेला’ याला दुरुस्ती मानू नका, नुकताच पुसल्यावर तो जाणारच. पैसे देताना सांगून ठेवा की मॉनिटर पूर्ण झाल्यावर परत एकदा दाखवायला येईन. मग रोजच्या वापरात चार-पाच दिवस, त्यात एकदा तळेगावपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन या आणि डोंगल लावा. मॉनिटर पूर्ण, पेंडिंग रिकामं, दोन्ही इंधनांवर ट्रिम दहाच्या आत, असं दिसलं की त्याचा फोटो काढून बिलाबरोबर गाडीच्या फाइलमध्ये ठेवून द्या.